चालतं का गं आपल्याला?



तुमच्यापैकी किती जणींचा हात मॉलमध्ये कुणी धरलाय? माझा धरला होता. तीन वर्षांपूर्वी पुण्याला लेकीकडे गेले होते. लेक बिलाच्या रांगेत उभी होती आणि मी पिशव्या सांभाळत बाजूला. तेवढ्यात काळा ॲप्रन घातलेली एक गोड पोरगी आली. "काकू, फक्त दोन मिनिटं." मी नको म्हणायच्या आत तिनं माझा उजवा हात घेतला, त्यावर साखरेसारखं खरखरीत काहीतरी लावून चोळलं, कोमट पाण्यानं धुतलं, मऊ नॅपकिननं टिपलं आणि वर मोगऱ्याच्या वासाचं लोशन लावलं. मग म्हणाली, "आता दोन्ही हात शेजारी धरून बघा." उजवा हात सुनेचा आणि डावा सासूचा वाटत होता, खोटं कशाला बोलू!

घरी आलो तेव्हा पिशवीत १,४५० रुपयांचा माल होता. त्यातलं मला काहीही नको होतं. लेक म्हणाली, "आई, तू? कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये जास्त लावले तर पुढच्या गाडीवर जाणारी?"

त्या रात्री मी विचार करत पडले की नेमकं झालं काय. मी काही भुलले नव्हते. वास चांगला होता, पण चौदाशे रुपयांचा नव्हता. झालं एवढंच की त्या पोरीनं माझे हात धुतले होते. आई गेल्यापासून माझे हात कुणी धुतले नव्हते. आपले हात धुणाऱ्या माणसासमोरून नुसतंच उठून जायची मला भीड पडली.

मी कॉमर्स शिकलेली. सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजात १९८२ साली बी.कॉम. झाले. जाहिरात आणि विक्री यावर आम्हाला जे शिकवलं, त्यात गिऱ्हाइकाचं लक्ष वेधणं होतं, इच्छा जागवणं होतं, पण भीड हा शब्द कुठं आला नव्हता. डेमोचं अर्धं भांडवल भीडच असते, हे मला वयाच्या साठीत कळलं.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आता त्या टेबलाच्या पलीकडं मी उभी असते.

आमच्या सूनबाईनं नोकरी सोडल्यावर अक्षय तृतीयेला विश्रामबागेत दुकान काढलं. अंगाला लावायच्या सुवासिक वस्तूंचं. हाती बनवलेले साबण, बॉडी बटर, आंघोळीचं मीठ, साखरेचे स्क्रब, उटणी, अत्तरं. सगळा माल लहान लहान बनवणाऱ्यांचा. बँकेचं सहा लाखांचं कर्ज आणि जामीन म्हणून ह्यांची सही. ह्यांनी सही केली तेव्हा पेन नीट चालत नव्हतं, तर मी मनातल्या मनात णमोकार म्हटला. पेन चालावं म्हणून की चालू नये म्हणून, ते माझं मलाच माहीत नाही.

पहिले दोन महिने दुकान म्हणजे नुसतं शोकेस होतं. बायका यायच्या, बंद बरणीचं झाकण नाकाशी न्यायच्या, किंमत बघायच्या आणि "छान आहे हं दुकान" म्हणून जायच्या. दिवसाचा गल्ला सातशे-आठशे. आषाढात तर एक दिवस शंभर रुपयांचा एक साबण गेला, तोही शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं घेतला. एका संध्याकाळी सूनबाई गल्ला मोजून गप्प बसली, तेव्हा मी तिला पुण्याच्या पोरीची गोष्ट सांगितली. म्हटलं, वासाचा माल झाकण लावून कसा विकणार? पूर्वी बांगडीवाला कासार हात दाबून बांगडी भरायचा, साडीवाला दहा घड्या मोडायचा. तसं काहीतरी पाहिजे.

ती म्हणाली, "आत्ती, मग तुम्हीच उभ्या राहा की." (आमच्याकडं सून सासूला आत्ती म्हणते.)

झालं. श्रावणाच्या पहिल्या शनिवारी मी माहेरचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून दुकानात नेलं. खाली बादली, वर घंगाळ, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास आणि घरून धुऊन आणलेले वीस पंचे. पाणी गाळलेलं, हे तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळली. मी कुणाचा हात धरत नाही. "हात पुढं करता का?" असं विचारते. नाही म्हणाल्या तर नाही. पुण्यात माझ्यावर झाली ती जबरदस्ती मला दुसरीवर करायची नव्हती. सूनबाई म्हणाली, अशानं निम्म्या बायका तशाच जातील. गेल्या, पण ज्यांनी आपण होऊन हात पुढं केला त्या खुर्ची ओढून बसल्या.

बाकीचं करता करता कळत गेलं. दोन्ही हात धुतले तर फरक दिसत नाही, एकच धुवायचा. लोशन कोरड्या हाताला लावलं तर वरवर चिकटतं, हात किंचित ओला असताना लावलं तर ओल धरून राहतं. बरणीत कुणाला बोट घालू द्यायचं नाही. आधी मी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणल्या, मग सूनबाईनं छोटे स्टीलचे चमचे आणले. आधी कोपराच्या आत थोडं लावून बघायचं, कारण सुवासिक गोष्ट म्हटलं की कुणाला तरी खाज सुटतेच. एकीला संत्र्याच्या तेलानं लाल चट्टा उठला, तेव्हापासून हे आधी. आणि एका बैठकीला तीनच वास. चौथ्याला नाक थकतं, सगळं सारखंच वाटायला लागतं. मॉलमध्ये मध्ये हुंगायला कॉफीच्या बिया ठेवतात, तशा सूनबाईनंही एका वाटीत ठेवल्या होत्या. मला तर आपल्याच पदराचा वास घेऊन तेवढंच बरं वाटतं, आणि पदराला खर्च नाही.

अत्तराची गंमत वेगळी. ते लावल्याबरोबर विकायचं नसतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत लिंबू-संत्र्यासारखे चपळ वास उडून जातात, मग गुलाब, मोगरा वर येतात, आणि चंदन, वाळा, ऊद ही मंडळी सगळ्यात शेवटपर्यंत बसून राहतात, लग्नघरातल्या जवळच्या पाहुण्यांसारखी. म्हणून मी मनगटाला एक थेंब लावते, चोळू नका म्हणते आणि सांगते, "जा, भाजी घेऊन या, मग बघा आवडतंय का." सूनबाईचा जीव खालीवर. गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का कुठं? निम्मी आली. आणि आली ती घेऊन गेली.

पुरुष मात्र मजेशीर. राखीपौर्णिमेच्या आधी बहिणीला काहीतरी द्यायचं म्हणून येतात, एक हात म्हटलं की दोन्ही पुढं करतात, पाच मिनिटांत पैसे देऊन मोकळे. वास विचारला तर "चांगला बघून द्या."

श्रावण संपेपर्यंत शनिवारचा गल्ला चार-पाच हजारांवर गेला. मी रोजकीर्द लिहायला घेतली. डेमोत संपलेला माल, पंच्यांची धुलाई, सगळं जाहिरात खर्चात. हो, आणि एक सांगते, तुमच्यापैकी कुणी घरगुती उद्योग करत असेल तर उपयोगी पडेल. फुकट नमुना म्हणून पुड्या वाटल्या, तर त्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. सूनबाईच्या सीएनं सांगायच्या आधी मी ते कायद्यात वाचून काढलं होतं. चाळीस वर्षांनी डिग्री कामाला आली म्हणून ह्यांना चहा करायला लावला.

आपल्या बायकांचे प्रश्न मात्र मॉलमधल्या बायकांपेक्षा वेगळे. पहिला प्रश्न, "यात दारू असते ना गं?" फवाऱ्याच्या परफ्युममध्ये बहुतेक भाग अल्कोहोलच असतो, ते पिण्याचं नसलं तरी अल्कोहोलच. पण अत्तरात ते नसतं. कनौजला अजून तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून, तोंड मातीनं लिंपून खाली लाकडं पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते, तिथं चंदनाचं तेल तिची वाट बघत असतं. ते तेल फुलांचा वास धरून ठेवतं. आता चंदन इतकं महाग झालंय की स्वस्त अत्तरात त्याच्या जागी पातळ पॅराफिन असतं, हेही मी सांगून टाकते. दुसरा प्रश्न कस्तुरीचा. खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून येते, त्या हरणाला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे. आज बाटलीवर कस्तुरी लिहिलेलं असतं ते बहुतेक प्रयोगशाळेत बनवलेलं.

अशी फडाफडा उत्तरं मी द्यायला लागले. बायका एकमेकींना सांगायच्या, "तिथल्या काकूंना सगळं माहीत असतं." ऐकून बरं वाटायचं. आणि इथंच माझा पाय घसरला.

श्रावणातलाच एक शनिवार. आमच्या बस्तीजवळ राहणाऱ्या एक अक्का आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं. त्या वर्षी गावात मुनिसंघाचा चातुर्मास होता आणि अक्कांच्या घरी चौका लागायचा. तुम्हाला माहीत आहे, चौक्यात हात किती वेळा धुवावे लागतात ते. अक्कांची बोटं पेरापेरांतून फुटली होती, दोन ठिकाणी रक्त दिसत होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून आल्या होत्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातावर कोमट पाणी घातलं. साबण लावला नाही, झोंबला असता. पंच्यानं टिपून गुलाबाच्या वासाचं बॉडी बटर लावलं, आमचं सगळ्यात जास्त खपणारं. अक्कांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "माझ्या हातावर पाणी घालणारं कुणी राहिलं नव्हतं गं."

पुण्यात मला जे वाटलं होतं, तेच.

मग त्यांनी विचारलं, "चालतं का गं आपल्याला?"

मी म्हटलं, "चालतं की अक्का. सगळं हर्बल आहे."

डबीवर पुढं पानंफुलं होती, हर्बल लिहिलेलं होतं. मागची बारीक अक्षरं मी वाचली नव्हती. अक्कांनी ६५० रुपये मोजून दिले, कमरेच्या पिशवीतून, नोटांच्या घड्या उलगडत.

तीन आठवड्यांनी कॉलेजची एक मुलगी डेमोला बसली. आपल्यातली नव्हती. हात पुढं करायच्या आधी तिनं डबी मागितली, उलटी केली आणि मोबाईलवर फोटो मोठा करून वाचायला लागली. म्हणाली, "काकू, हे नको. यात सेरा अल्बा आहे. मधमाशीचं मेण. मी व्हीगन आहे."

मी म्हटलं, "मेण? यात?"

तिनं दाखवलं. चौथ्या नंबरवर. घटक जास्त तो आधी, कमी तो नंतर असे लिहायचे असतात, म्हणजे चौथा म्हणजे चांगलाच होता. त्या मुलीला मी साध्या खोबरेल साबणाचा डेमो दिला, ती एक साबण घेऊन गेलीसुद्धा. माझ्या हातातलं पाणी मात्र थंड झालं होतं.

मध आपण का खात नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार! मद्य, मांस, मधु, लहानपणी पाठशाळेत म्हणून घेतलेलं. आमच्या सासऱ्यांचं गणपती पेठेत किराणा दुकान होतं. वैद्याची चिठ्ठी घेऊन माणसं मध मागायला यायची, सासरे शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवायचे. कधी ठेवला नाही. आणि मी त्यांची सून, पोळ्यातलं मेण अक्कांच्या बोटांना लावून पाठवलं. त्या बोटांनी त्या रोज चौक्यात मुनींचा आहार करत होत्या.

त्या रात्री मी भिंग घेऊन दुकानातला एकूण एक माल वाचला. स्टॉक घ्यायला बसले असं सूनबाईला सांगितलं, पण तिला कळलंच. दोघी बारा वाजेपर्यंत बसलो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. सोडियम टॅलोवेट म्हणजे प्राण्यांच्या चरबीचा साबण, तो आमच्याकडं एकही निघाला नाही, सुटले. ओठांच्या रंगात सीआय ७५४७० असेल तर तो लाल रंग किड्यांपासूनचा, तशा दोन काड्या निघाल्या. स्क्वालेन शार्क माशाच्या यकृतापासूनचंही असतं आणि ऑलिव्हपासूनचंही, नुसत्या नावावरून कळत नाही. ग्लिसरीनचंही तसंच. आणि सगळ्याच सुवासिक मालावर एक शब्द, परफम. या एका शब्दाच्या आत पन्नास गोष्टी असू शकतात आणि त्या लिहिण्याचं बंधन नाही. ज्या वासासाठी सगळं दुकान काढलं, तोच एका शब्दात बंद.

बॉडी बटरच्या ३८ डब्या शिल्लक होत्या. खरेदी ३९० ला एक, म्हणजे १४,८२० रुपये. वितरक माल परत घेत नाही.

सूनबाई आणि मी त्या रात्री पहिल्यांदा भांडलो. ती म्हणाली, मेण काढताना माशा मारतातच असं नाही. मी म्हटलं, पोळं तर त्यांचंच ना? ती म्हणाली, ज्यांना चालतं त्यांना विकू, आपल्यांना सांगू, सगळं गाव जैन नाही. ते बरोबर होतं, आणि मला ते पटलंही नाही. सासऱ्यांचा किराणा कर्जावर नव्हता, असं ती शेवटी म्हणाली आणि लगेच रडली. मीही काही बोलले नाही. कर्जाचा हप्ता दहा तारखेला असतो, तो मलाही माहीत होता.

शेवटी त्या ३८ डब्या वेगळ्या फळीवर ठेवल्या. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "यात मधमाशीचं मेण आहे." डेमोच्या टेबलावरून त्या काढल्या. विक्री निम्म्यावर आली. त्या डब्या संपायला संक्रांत उजाडली. नवीन मागवल्या नाहीत. जे आपण लावणार नाही ते दुसऱ्याला विकून हप्ता भरणं बरोबर की चूक, याचा माझा हिशोब अजून जुळलेला नाही. तुमच्यापैकी ज्यांची दुकानं आहेत, त्या काय करतात?

पण अक्कांचं काय?

पर्युषण तोंडावर होतं. मनात एक चोरवाट आली, ती लाज सोडून सांगते. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांचीच क्षमा मागतो. हल्ली तर व्हॉट्सॲपवर घाऊक. कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, दोन हात जोडलेले, फुलं. अक्कांनाही ते जाईल. त्यातच हे गेलं समजायचं. अक्का डबी संपवतील, कुणाला काही कळणार नाही.

दशलक्षणाचे पाच दिवस असे गेले. त्या दिवसांत मी डेमो बंद ठेवला होता, मी स्वतः काही लावत नाही तर दुसरीला कसं लावू? सहावा दिवस सुगंध दशमीचा. बस्तीत धूप वाहिला. दुपारी कथा झाली, आपण दर वर्षी ऐकतो ती. मुनींना आहार द्यायचा तर राणीच्या मनात राग होता, तिनं कडू भोपळ्याचा आहार दिला आणि जन्मोजन्मी तिच्या अंगाची दुर्गंधी सुटली नाही. लहानपणी मला त्या कथेत फक्त दुर्गंधी लक्षात राहायची, किती लांबपर्यंत यायची ते. या वर्षी मी वाटीवरच अडकले. मनात म्हटलं, राणीनं जाणूनबुजून दिलं, मी न जाणता. मग लगेच दुसरं मन म्हणालं, चौक्यात उभं राहून आपण आहार शुद्ध आहे असं मुनींना सांगतो, ते बघून सांगतो की न बघता?

धुपाचा वास साडीला तसाच होता, मी बस्तीतून थेट अक्कांच्या घरी गेले.

अक्का गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. एका दमात, नाहीतर जमलं नसतं. त्यांचा हात ताटात थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग माहीत नाही म्हणायचं होतंस."

एवढंच. आवाज चढला नाही. मला वाटलं होतं, जाऊ दे गं, म्हणतील. म्हाताऱ्या बायका म्हणतात तसं. त्यांनी म्हटलं नाही. उठून आतून डबी आणली, अर्धी संपलेली, माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "महाराजांना सांगून प्रायश्चित्त घेते मी. तुझंही तू विचार." मी ६५० रुपये काढून ठेवले. ते मात्र त्यांनी मोजून घेतले. मला बरं वाटलं, खरंच. घेतले नसते तर तेही एक ओझं झालं असतं.

दारापर्यंत आल्यावर अक्कांनी हात पुढं केले. बोटं बरीच भरून आली होती. "गुण आला होता गं त्याला," म्हणाल्या. "आता काय लावू?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

घरी येऊन बघितलं. कोकणात पायाच्या भेगांना कोकमतेल लावतात, ते आपल्याला आठवतच नाही. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, पिवळट पांढरा गोळा. हाताच्या उबेनं वितळतं. वास जवळजवळ काही नाही. सूनबाईनं रत्नागिरीकडच्या एका बचत गटाकडून मागवलं. बिया, तेल, बाकी काही नाही. घटक लिहायला एक ओळ लागते.

अर्ध्या डबीची नोंद मी विक्री परतीत केली आणि माल नाशात टाकला. सूनबाईनं विचारलं, एवढ्याचं काय लिहिताय? म्हटलं, लिहू दे.

क्षमावाणीनंतरच्या शनिवारी घंगाळ पुन्हा मांडलं. आता टेबलावर भिंग असतं आणि ज्याचा डेमो त्याचे घटक मराठीत लिहिलेलं कार्ड. काही ओळींपुढं मी "माहीत नाही" असंच लिहिलंय. सूनबाईला आधी ते दुकानाची अब्रू घालवणं वाटलं. बनवणाऱ्यांना तिनं पत्रं पाठवली, काहींनी सविस्तर उत्तरं दिली, तिथला "नाही" मी खोडला. काहींनी दिलीच नाहीत.

अक्का येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. चालत, काठी टेकत, चार वाजता. खुर्चीवर बसल्या. मी त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या, कोकमतेल आणि चंदनाचं एक नवं लोशन.

"ह्यात काय आहे?" त्यांनी लोशनकडं बोट केलं.

मी कार्ड वाचलं. पाणी, तिळाचं तेल, कोरफड, वनस्पती ग्लिसरीन, ते बनवणाऱ्यांनी लिहून कळवलं होतं. शेवटच्या ओळीला थांबले.

"पुढं?"

"परफम. म्हणजे वास. त्यात काय काय आहे ते माहीत नाही, अक्का."

त्यांनी लोशनची बाटली एका बोटानं बाजूला सारली आणि दोन्ही हात घंगाळावर धरले.

"बरं," म्हणाल्या. "घाल पाणी."